गडावरून जखमीला खाली उतरवताना

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत किंवा राजगडाच्या चोरदरवाजाच्या चढावर कोणी घसरून पडले, की बरोबरच्यांचा पहिला हात त्याच्या काखेत जातो. त्याला बसते करण्याची, उभे राहता येते का ते पाहण्याची ही धडपड आपुलकीपोटी असते. पण पाठीचा कणा दुखावला असेल, तर तिच्यामुळेच माणूस कायमचा अधू होऊ शकतो. मानेच्या सात मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूतूनच श्वासपटलाला चालना मिळते, त्यामुळे तिथली इजा वाढल्यास हातपाय लुळे पडतातच, पण श्वासही बंद पडू शकतो. म्हणून मदत पोहोचेपर्यंत जखमीला जागेवरच ठेवणे शक्य आहे का, हे आधी ठरवावे.

वरून दगड येत असतील, ओढ्याचे पाणी चढत असेल, वणवा जवळ आला असेल किंवा आग्या मोहोळ उठले असेल, तर मात्र थांबू नये. अशा वेळी त्याच्या डोक्याकडे बसून खांद्याजवळचे कपडे दोन्ही मुठींत घट्ट धरावेत, आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये त्याचे डोके टेकवून घ्यावे आणि शरीराच्या लांबीच्या रेषेतच सरळ मागे ओढावे. एक हात किंवा एक पाय धरून आडवे ओढल्यास कणा पिळला जातो. सुरक्षित जागी पोहोचताच ओढणे थांबवावे.

धोका नसेल, तर श्वास चालू आहे का ते प्रथम पाहावे. श्वास नसेल, तर कण्याची काळजी मागे ठेवून त्याला पाठीवर सपाट निजवावे आणि छातीदाब सुरू करावा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम सलग दाबून धरावी. मग मान किंवा पाठ दुखते का, बोटांना मुंग्या येतात का, पायाची बोटे हलतात का, हे विचारावे. बेशुद्ध असेल, तर कण्याला इजा झालीच आहे असे धरून चालावे. पाणी किंवा खाऊ देऊ नये. अंगाखाली आणि अंगावर पांघरूण घालावे, कारण पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी शरीर फार लवकर गार पडते. १०८ किंवा ११२ वर फोन करताना गडाचे नाव, पायथ्याचे गाव, नेमकी वाट आणि जखमीची अवस्था सांगावी. रेंज नसेल, तर दोघांनी मिळून खाली जावे, आणि एकाने तरी जखमीजवळ थांबावे. पायथ्याचे गावकरी आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव पथके यांना वाटांची माहिती असते, म्हणून त्यांची वाट पाहणेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

उतरवणे भागच असेल, तर स्ट्रेचर करावे. जखमीपेक्षा लांब असे दोन मजबूत बांबू आणि एक घोंगडी किंवा जाड चादर पुरते. घोंगडी पसरून पहिला बांबू एक तृतीयांश अंतरावर ठेवावा व ती बाजू त्यावरून दुमडावी; दुसरा बांबू त्या दुहेरी कापडावर, पहिल्यापासून खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडा अधिक लांब ठेवून उरलेली बाजू त्यावर आणावी. जखमीच्या वजनाने ही घडी आपोआप आवळली जाते. तरीही आधी तेवढ्याच वजनाच्या धडधाकट माणसाला उचलून पाहावे. चालण्याच्या काठ्या बांबूऐवजी घेऊ नयेत, त्या भाराखाली वाकतात. झोळीत शरीर दुमडले जाते, म्हणून पाय मुरगळलेल्याला ती चालेल, कण्याच्या जखमीला मुळीच नाही.

स्ट्रेचरवर घेण्यासाठी किमान चौघे हवेत. एकाने डोके दोन्ही बाजूंनी धरून नाक आणि बेंबी एका रेषेत ठेवावी. हुकूम फक्त त्यानेच द्यावा. बाकीच्यांनी एकाच बाजूला गुडघ्यांवर बसून खांदा, कंबर आणि पाय धरावेत आणि “एक, दोन, तीन” म्हणताच संपूर्ण शरीर ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवावे. स्ट्रेचर पाठीला लावून तसेच परत वळवावे. मोडलेला पाय मध्ये कापडाची घडी ठेवून चांगल्या पायाला बांधावा, पण गाठ नेमक्या मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नये. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले कपडे लावावेत आणि छाती, कंबर व पाय स्ट्रेचरला बांधावेत.

उतरताना पाय पुढे आणि चढताना डोके पुढे असावे, म्हणजे डोके खाली जात नाही. सहा जणांनी उचलावे आणि हात बदलायचे तेव्हा थांबून स्ट्रेचर खाली ठेवावे. घसरड्या जागी चालण्याचा हट्ट धरू नये: दोन रांगांत पक्के बसून स्ट्रेचर हातोहात पुढे सरकवावे आणि मागे मोकळे झालेल्यांनी पुढे येऊन बसावे. कातळटप्प्यावर मात्र दोर आणि प्रशिक्षित माणसे आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाटेत थोड्या थोड्या वेळाने श्वास, शुद्ध आणि पायांच्या बोटांचा रंग तपासावा. उलटी होऊ लागल्यास स्ट्रेचरसकट सगळे शरीर कुशीवर कलंडवावे. रस्त्यावर पोहोचल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर अंग दुमडून बसवण्यापेक्षा रुग्णवाहिकेची वाट पाहावी. पडल्याची वेळ, किती उंचीवरून पडला, शुद्ध कधी हरपली आणि पट्टी केव्हा बांधली, हे एका कागदावर लिहून रुग्णवाहिकेतील डॉक्टरांच्या हाती द्यावे.