सोयींपासून दूर, डोंगरात तंबूचा मुक्काम

ज्या ठिकाणी नळ नाही, शौचालय नाही, तंबूसाठी आखून ठेवलेली सपाट जागा नाही आणि रात्री काही बिघडलेच तर गाडीत जाऊन झोपण्याची सोयही नाही, अशा ठिकाणी मुक्काम करायचा असेल तर तयारीचा क्रम थोडा बदलावा लागतो. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण सामानावर महिनाभर चर्चा करतात आणि जागा पाहण्यात पाच मिनिटेही घालवत नाहीत. दिवस मावळता मावळता जिथे पाय थकतात तिथेच तंबू उघडला जातो. माझा अनुभव असा, की साध्या तंबूत पण पारखलेल्या जागी काढलेली रात्र ही भारी तंबूत चुकीच्या जागी काढलेल्या रात्रीपेक्षा नेहमीच सुखाची जाते. म्हणून पुढील मजकुरात जागेला मुद्दाम झुकते माप दिले आहे.

जागा शोधायची तर हाताशी उजेड हवा, आणि उजेड हवा तर चालण्याचा हिशेब घरीच करून ठेवायला हवा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला आडाखा आजही उपयोगी पडतो : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि चढाईच्या दर ६०० मीटरसाठी एक तास जादा. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ९०० मीटरचा चढ असेल तर साडेतीन तास. मात्र हा हिशेब धडधाकट आणि फारसे ओझे नसलेल्या माणसाचा आहे. पाठीवर मुक्कामाची सॅक आणि पायाखाली सुटे दगड असतील तर मी त्याची सरळ दीडपट करतो आणि सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी मुक्कामाच्या परिसरात पोहोचेन अशा बेताने निघतो. वाटेत घड्याळाइतकाच हातही कामी येतो. हात पुढे ताणून, बोटे आडवी धरून सूर्याची खालची कड आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते मोजावे. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटे, चार बोटांना एक तास. डोंगरात सूर्य खऱ्या क्षितिजाआड न जाता समोरच्या धारेआड जातो, त्यामुळे बोटे त्या धारेपासूनच मोजावीत. निघण्यापूर्वी त्या भागात मुक्कामास परवानगी लागते का आणि आग पेटवण्यास बंदी आहे का, हे विचारून घ्यावे. घरी एका माणसाकडे वाट, परतीची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागावी’ अशी स्पष्ट सूचना लिहून ठेवावी.

परिसरात पोहोचल्यावर सॅक खाली ठेवावी आणि मोकळ्या हाताने फिरावे. पाठीवर ओझे असताना माणसाला पहिलीच जागा बरी वाटते. फिरताना आधी वर पाहावे. सुकलेली झाडे, अडकून राहिलेल्या मोडक्या फांद्या, कड्यावरचे सुटे दगड आणि उतारावरून सरळ खाली उतरणारी घळ यांपैकी काहीही डोक्यावर येत असेल तर ती जागा सोडून द्यावी. दगड पडत असतात की नाही हे ओळखणे अवघड नाही : जमिनीवरच्या दगडांच्या कडा धारदार व रंग ताजा असेल आणि त्यांवर शेवाळ किंवा दगडफूल धरलेले नसेल, तर ते अलीकडेच वरून आलेले आहेत. बर्फाच्या दिवसांत ३० ते ४५ अंशांचे उघडे उतार हिमस्खलनाचे मानावेत आणि त्यांच्या पायथ्याशी थांबू नये.

मग खाली पाहावे. कोरड्या ओढ्याचे पात्र झोपायला मऊ, वाळूचे आणि मोहात पाडणारे असते. पण पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असे नसते, तो वर कुठेतरी पडला तरी पाणी रात्री इथपर्यंत येते. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा, एका दिशेला लोळलेले गवत आणि दगडांवरची गाळाची रेघ पाहिली की पाणी मागच्या वेळी कुठवर चढले होते ते कळते. तंबू त्या रेघेच्या बराच वर आणि पाण्यापासून किमान ६० ते ७० मीटर दूर असावा. एवढे अंतर आपल्या सुरक्षेसाठी जितके आवश्यक आहे तितकेच पाणी स्वच्छ राहण्यासाठी आणि रात्री प्राण्यांना पाण्याची वाट मोकळी मिळण्यासाठीही आवश्यक आहे.

वारा आणि थंडी यांचा विचार एकत्र करावा लागतो, कारण एकापासून पळताना माणूस दुसरीच्या तावडीत सापडतो. धारेवर आणि खिंडीत वारा झोंबतो, विजेचाही धोका असतो. म्हणून खाली उतरावेसे वाटते. पण स्वच्छ, शांत रात्री उतारांवरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी वाहत खोऱ्याच्या तळाशी साचते. एरवी दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते, पण अशा रात्री हा नियम उलटतो आणि तळच वरच्या टप्प्यापेक्षा थंड पडतो. मी हे शिकलो ते एका गोलसर, गवताळ खोलगटीत. चहूबाजूंनी उंचवटा, वाऱ्याचा पत्ता नाही, मधोमध गालिच्यासारखे गवत. यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही असे वाटले. पहाटे जाग आली ती नाकावर टपकलेल्या थेंबाने. टॉर्च लावली तर तंबूच्या छतावर आतून बर्फाची पातळ साय धरलेली, आणि मी कुशीवर वळलो की ती चुरा होऊन अंगावर पडत होती. बाहेर आलो, लघवीसाठी उंचवट्यावर चढलो, तर तिथले गवत कोरडे होते. सोबती रात्रभर तिथेच, तंबू न लावता, निवांत झोपला होता. तेव्हापासून मी खोऱ्याच्या तळापासून थोडा वर, उतारात आलेला एखादा लहानसा टप्पा शोधतो, ज्याच्या पाठीशी वारा अडवणारा उंचवटा किंवा निरोगी झाडांचा पट्टा असेल आणि ज्यावर सकाळचे ऊन लवकर पडेल.

जागा ठरली तरी तंबू लगेच काढू नये. आधी त्या जागी उताणे पडून पाहावे. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला क्वचितच सपाट लागते. किंचित उतार असेल तर डोके वरच्या बाजूला येईल असे झोपावे. आडव्या उतारावर रात्रभर तंबूच्या एका भिंतीकडे घसरत राहावे लागते. खडे आणि काटक्या हाताने वेचून बाजूला कराव्यात व निघताना परत पसराव्यात. तंबूभोवती चर खणण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. त्याने माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात तिथून धूप सुरू होते. ज्या जागेला चर लागतो ती जागा मुळातच चुकली आहे असे समजावे. कोवळ्या गवतापेक्षा आणि फुलझाडांपेक्षा खडी, वाळकी माती किंवा सुके गवत यांवर तंबू लावला तर मागे खूण कमी उरते.

तंबू उभारताना निमुळती किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे करावी, दार वाऱ्याच्या आड असावे. सर्वप्रथम वाऱ्याकडच्या दोन खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे उरलेला तंबू हातातून उडून जात नाही. खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. खाली अंथरायचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडा लहान असावा. बाहेर डोकावणारी कड पावसाचे पाणी गोळा करून थेट तंबूखाली आणते. खडकाळ जमिनीत खुंटी शिरतच नाही, तेव्हा दगडांची जोडी वापरावी. ताणाच्या दोराचा फास एका लांबट, मुठीएवढ्या दगडाला घालून तो जमिनीवर ठेवावा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड दोरावर बसवावा. दोर ताणला गेला की लहान दगड मोठ्याला जाऊन भिडतो आणि तिथेच अडकतो. मोठ्या दगडालाच दोर गुंडाळला तर तो धारेवर घासून रात्रीतून तुटू शकतो. नायलॉनचे आवरण ओले झाले की सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा सगळे ताण तपासून घ्यावेत. थंडी कितीही असली तरी हवा खेळण्याच्या झडपा पूर्ण बंद करू नयेत. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही तर ती छतावरून परत अंगावर येते.

झोपेच्या सामानात लोक स्लीपिंग बॅगेवर पैसे खर्च करतात आणि मॅटवर वाचवतात. हे उलटे गणित आहे. अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही, त्यामुळे बॅगेची खालची बाजू जवळजवळ निकामी असते आणि जमिनीचा गारवा अडवण्याचे काम एकट्या मॅटला करावे लागते. मॅटची ऊब रोखण्याची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात. दोन मॅट एकावर एक घातल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. उन्हाळी रात्रीला २ च्या आसपासचा आकडा चालतो, गोठवणाऱ्या थंडीत ४ च्या वर, तर बर्फावर ५ किंवा अधिक असावा. बॅगेवर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’ हेच आपले मानावे. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा झोपेचा नसून केवळ जीव वाचवण्याचा असतो.

पाणी कितीही नितळ दिसले तरी ते शुद्ध करूनच प्यावे. खळखळून एक मिनिट उकळणे पुरेसे आहे, २,००० मीटरच्या वर मात्र तीन मिनिटे उकळावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. ३,००० मीटरवर ते सुमारे ९० अंशांनाच उकळू लागते. क्लोरीनच्या गोळ्या सोबत ठेवण्यास हरकत नाही, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना फारसा दाद देत नाही. पोकळ तंतूंचे फिल्टर वापरत असाल तर थंडीच्या रात्री तो बॅगेत, अंगाजवळ घेऊन झोपावे. एकदा आतले पाणी गोठले की तंतू फाटतात, आणि बाहेरून पाहता ते अजिबात कळत नाही. गॅसचा डबाही तसाच सांभाळावा : ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच वायुरूप होणे थांबवतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा.

स्टोव्ह तंबूत कधीही पेटवू नये, पाऊस असला तरी नाही. आगीचा धोका उघड आहे. त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. शेकोटीबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. स्टोव्ह जवळ असेल तर शेकोटीची गरज नसते आणि उंचीवर लाकूड फार सावकाश वाढते. जिथे परवानगी आहे तिथे पेटवलीच, तर मनगटापेक्षा बारीक, पडलेले व वाळलेले लाकूडच वापरावे आणि शेवटी राखेत पाणी घालून हात फिरवून पाहावा. राख हाताला गार लागली तरच ती विझली.

अन्न, टूथपेस्ट आणि सुवासिक साबण तंबूत ठेवू नयेत. हवाबंद पिशवीत घालून तंबूपासून ६० ते ७० मीटरवर टांगावेत किंवा प्राण्यांना उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवावेत. शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून तेवढ्याच अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा व तो मातीने बुजवावा. कागद मात्र पिशवीत घालून परत आणावा.

विजेबाबत तंबूवर विसंबू नये, तो कोणतेही संरक्षण देत नाही. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर धार, एकटे झाड आणि पाण्याचा काठ सोडून खालच्या टप्प्यावर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. ओला झालेला सोबती कुडकुडत असेल तर त्याचे कपडे लगेच बदलावेत. तो अडखळत बोलू लागला किंवा कुडकुडणेच थांबले, तर प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि डोकेदुखीबरोबर उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. मदतीसाठी शिट्टीचा किंवा टॉर्चचा संकेत मिनिटाला सहा वेळा द्यावा, मग एक मिनिट थांबून पुन्हा द्यावा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते.

सकाळी तंबू उतरवताना आधी खुंट्या मोजून पिशवीत टाकाव्यात, कारण गवतात हरवणारी वस्तू तीच. आवरण झटकून घ्यावे आणि ते ओले असेल तर सॅकच्या वर, सहज काढता येईल असे ठेवून दुपारच्या विश्रांतीत उन्हात पसरावे. दगड जिथून उचलले तिथे, पूर्वीची खालची बाजू पुन्हा खाली येईल असे ठेवावेत, दबलेले गवत हाताने उलट्या दिशेने उभे करावे आणि चार पावले मागे जाऊन एकदा पाहावे. बहुतेक वेळा एखादी खुंटी तेव्हाच सापडते.