कम्युनिटी कॉलेजात खेळणाऱ्या मुलांची एलिजिबिलिटी जाते कशी? या चुका टाळा

ऑक्टोबरमधला मंगळवार होता, आणि मुलाचा फोन आला तो टीमच्या बसमधून. फ्रेस्नोला मॅच होती, बे एरियातून तीन तासांचा रस्ता, मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता आणि हा एकदम हळू आवाजात म्हणाला, "आई, आज मला खेळता नाही येणार. कोचला ऑफिसमधून मेल आलाय, मी इनएलिजिबल आहे, म्हणजे खेळायला अपात्र." झालं होतं काय, तर आदल्या रात्री साडेअकरा वाजता त्याने गादीवर पडल्यापडल्या फोनवरून केमिस्ट्री ड्रॉप केली होती. मिडटर्म वाईट गेली होती, एफ (नापास) लागण्यापेक्षा डब्ल्यू (क्लास मध्येच सोडल्याचा शेरा) लागलेला बरा असा त्याचा हिशोब, आणि तो हिशोब तसा चुकीचाही नव्हता. फक्त केमिस्ट्री ५ युनिटची (युनिट म्हणजे क्लासचे क्रेडिट) होती आणि त्याच्याकडे सगळे मिळून १४ होते. १४ चे ९ झाले, खेळायला किमान १२ लागतात, आणि सीझन संपला. पुढच्या मॅचेसना तो साध्या टीशर्टवर बेंचच्या मागे पाण्याच्या बाटल्या भरत उभा असायचा, ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

त्यानंतर मी हे सगळे नियम बसून वाचले, आणि आता काही वर्षं एका कम्युनिटी कॉलेजच्या (इथलं दोन वर्षांचं कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) ट्युटरिंग सेंटरमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवते, तिथे माझ्याकडे येणारी निम्मीअधिक पोरं कुठल्या ना कुठल्या टीममधली असतात. मी पाहिलेल्या पोरांमध्ये बुद्धी कमी म्हणून अडकलेलं एकही नाहीये. अडकतात ती सगळी तारखांमध्ये, युनिटांच्या बेरजेत आणि कुणाला न विचारता केलेल्या एखाद्या क्लिकमध्ये. आपल्या लोकांची बरीच मुलं आता क्युपर्टिनो, फ्रीमॉन्ट, सॅक्रामेंटो भागातल्या कॉलेजांतून खेळतात, कुणी टेनिस, कुणी सॉकर, मुली बॅडमिंटन (हो, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत मुलींचं बॅडमिंटन रीतसर खेळलं जातं), म्हणून मराठीत लिहून ठेवतेय.

आधी नियम, मग चुका

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांचे खेळ थ्रीसीटूए नावाची संस्था चालवते, २०२३ पर्यंत तिलाच सीसीसीएए म्हणायचे, त्यामुळे जुन्या कागदांवर तेच नाव दिसेल. मुख्य नियम असे की सीझन चालू असताना किमान १२ युनिट चालू हवेत, त्यातले किमान ९ डिग्री, ट्रान्सफर (पुढे युनिव्हर्सिटीत जाणं) किंवा सर्टिफिकेटच्या कामाचे हवेत, आणि दुसरा सीझन खेळायचा तर त्याआधी २४ युनिट पास आणि जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) २.० हवा. डी ॲन्झा, फूटहिलसारख्या क्वार्टरवाल्या कॉलेजांत २४ च्या जागी ३६. कॅलिफोर्नियाबाहेर बहुतेक ठिकाणी एनजेसीएए या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या खेळ-संस्थेचे नियम लागतात, तेही फुल-टाइम म्हणजे १२ क्रेडिटच धरतात पण बाकी बारकावे वेगळे आहेत, त्यामुळे टेक्ससमधल्या चुलतभावाने सांगितलेला नियम सॅन होजेतल्या पोराला लावू नका.

बरोब्बर १२ युनिट घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी. आईवडिलांना वाटतं खेळ आहे, दमतो, कमीत कमी घेऊ दे. पण १२ वर उभं राहिलं की एकही क्लास सोडायची मुभा उरत नाही, एखादा प्रोफेसर खरंच जमत नाहीये, तब्येत बिघडली, काहीही झालं तरी सोडता येत नाही कारण सोडला की त्याच दिवशी बाहेर. आणि वर्षाची बेरीज बघा, फॉलला १२, स्प्रिंगला १२, मिळून बरोब्बर २४. ३ युनिटचा एक क्लास नापास झाला की २१, आणि दुसरा सीझन अडकला. मी सगळ्यांना १४-१५ घ्यायला सांगते, त्यातला एक असा घ्यावा की वेळ आलीच तर सोडता येईल. सोडायचा तो ३ युनिटचाच असावा, ५ युनिटचं सायन्स नाही, कारण १५ मधून ३ गेले तर १२ उरतात, १४ मधून ५ गेले तर काय होतं ते मी वर सांगितलंच.

आणखी एक, टीमचा क्लास आणि वेट ट्रेनिंगचे युनिट मिळतात म्हणून पोरं खूश असतात, पण तेवढ्यावर १२ भरू नका, ते ९ कामाचे युनिट वेगळे मोजून बघा.

ड्रॉपचं बटण आधी दाबणं, मग विचारणं

कॉलेजचं ॲप विचारतं "आर यू शुअर", एलिजिबिलिटीबद्दल काहीच विचारत नाही. आमच्या घरी आता नियम आहे, धाकटीलाही तोच लावलाय, रात्री काहीही ड्रॉप करायचं नाही. सकाळी उठून तीन माणसांशी बोलायचं, तो प्रोफेसर, ॲथलेटिक काउन्सेलर आणि कोच. प्रोफेसरला फक्त एवढंच विचारायचं की उरलेलं सगळं नीट केलं तर मला सी मिळणं गणितात बसतं का? पुष्कळदा बसतं! आठव्या आठवड्यात ५८ टक्क्यांवर असलेलं पोर रडकुंडीला येतं आणि आपण सिलॅबस काढून बघितलं तर फायनल आणि प्रोजेक्ट मिळून अर्धे मार्क अजून शिल्लक असतात.

ड्रॉप करायचाच असेल तर तारीख बघा. सेन्सस डेटच्या (सेमिस्टरच्या सुरुवातीला कॉलेज विद्यार्थी मोजतं ती तारीख) आधी सोडला तर रेकॉर्डवर काहीच राहत नाही, नंतर डब्ल्यू लागतो. डब्ल्यूने जीपीए खाली जात नाही पण युनिट जातात, आणि आर्थिक मदत घेत असाल तर घेतलेल्या युनिटांपैकी किती पूर्ण केले हेही पाहिलं जातं, साधारण दोन तृतीयांशाच्या खाली गेलं की पत्र येतं.

मॅचच्या दिवशी लॅब

हे रजिस्ट्रेशनच्या वेळीच टाळता येतं. आमच्याकडे सॉकरच्या मॅचेस मंगळवारी आणि शुक्रवारी असायच्या, बास्केटबॉल बहुतेक बुधवार-शुक्रवार. सॉकरवाल्या पोराने मंगळवार-गुरुवारची दुपारची लॅब घेतली की सीझनभर निम्म्या लॅब बुडणार, आणि लॅब परत देत नाहीत. वेळापत्रक उन्हाळ्यातच लागतं, ते समोर ठेवून सकाळचे क्लास घ्या. बऱ्याच कॉलेजांत खेळाडूंना लवकर रजिस्ट्रेशन मिळतं आणि ती तारीख पोरं विसरतात, मग उरलेसुरले क्लास पदरात पडतात. जड लॅब सायन्स शक्यतो सीझन नसलेल्या सेमिस्टरला टाका.

आणि बाहेरगावच्या मॅचेसच्या तारखा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्रोफेसरला हातात नेऊन द्या. बसमध्ये चढताना पाठवलेल्या मेलचा काही उपयोग होत नाही.

"कोच बघतील ना"

कोच चांगला असतो, मनापासून करतो, पण त्याच्याकडे पंचवीस-तीस पोरं असतात. कॉलेजचं ऑफिस अपात्र ठरवायचं काम करतं, वाचवायचं काम त्याचं नाही. पोराने स्वतः दर रविवारी दहा मिनिटं बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: आज माझे चालू युनिट किती, प्रत्येक क्लासमध्ये टक्के किती, येत्या आठवड्यात काय द्यायचंय. माझ्याकडे येणारा एक बेसबॉलचा मुलगा हे टोपीच्या आत चिकटवलेल्या कार्डावर लिहायचा. प्रॅक्टिसमध्ये टोपी काढली की दिसायचं.

तुम्हाला आईवडील म्हणून मार्क दिसतील ही अपेक्षाही सोडा. कॉलेजात नाव घातलं की वय १७ असलं तरी फर्पा या शैक्षणिक गोपनीयतेच्या कायद्याने रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा होतो, त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज तुमच्याशी बोलणार नाही. हायस्कूलसारखा घरी फोन येणार नाहीये. म्हणून घरातलं बोलणं चालू ठेवा, पण चौकशी अधिकाऱ्यासारखं नको, "या आठवड्यात कुठला क्लास जड जातोय रे?" एवढं पुरतं.

ट्युटरकडे यायला लाज वाटणं

आपल्या पोरांना ही लाज जरा जास्तच असते, भारतीय असून गणिताला ट्युटर कसा घ्यायचा! एबी ७०५ कायद्यानंतर इथे जवळजवळ सगळी मुलं थेट ट्रान्सफर लेव्हलच्या गणितात जातात, आधीचे पायाभूत क्लास फारसे उरलेच नाहीत, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स अंगावर येतं हे अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्या आठवड्यात या, नवव्या आठवड्यात आलात तर मी तरी किती करणार. शिकण्यात काही अडचण असेल, हायस्कूलमध्ये परीक्षेला जास्त वेळ मिळत असेल, तर डीएसपीएसच्या (अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारा विभाग) ऑफिसला स्वतः जाऊन नाव नोंदवावं लागतं, ती सोय आपोआप पुढे येत नाही. कमी उत्पन्न असेल तर ईओपीएस नावाचा कॉलेजचा मदत-कार्यक्रम बघा, पुस्तकांची आणि काउन्सेलिंगची मदत मिळते.

इथलं २.० पुरतं, पुढे पुरत नाही

हा मुद्दा जरा शांतपणे वाचा कारण यात दोन वर्षं फुकट जातात. सगळ्या विषयांत सी मिळाला की जीपीए २.० होतो, पोर इथे खेळत राहतं, सगळे समाधानी. पण एनसीएए (चार वर्षांच्या कॉलेजांची खेळ-संस्था) डिव्हिजन १ म्हणजे तिच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजात ट्रान्सफर होऊन लगेच खेळायचं तर ट्रान्सफर होणाऱ्या युनिटांत २.५ मागतात. पहिल्या २४ युनिटांत २.० असेल तर पुढच्या २४ मध्ये सरळ ३.० काढावा लागतो तेव्हा कुठे २.५ होतो. डी मिळाला तर युनिट मिळाल्यासारखे वाटतात, पण तीन सी आणि एक डी म्हणजे १.७५, आणि डीवाला क्लास पुढे बहुतेक ठिकाणी धरतही नाहीत. पीईच्या (शारीरिक शिक्षण) प्रॅक्टिकल क्लासचे फक्त २ क्रेडिट डिव्हिजन १ च्या हिशोबात चालतात, बाकीचे कितीही घेतले तरी शून्य.

त्यात भर म्हणजे डिव्हिजन १ मध्ये तिसरं वर्ष सुरू होताना ठरवलेल्या डिग्रीचं ४० टक्के काम झालेलं लागतं. १२० युनिटची डिग्री असेल तर ४८, आणि नुसते ४८ चालत नाहीत, त्याच डिग्रीला लागणारे हवेत. दोन वर्षं बिझनेसचे क्लास घेऊन मग कायनेसिऑलॉजीला (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) गेलेलं पोर इथे अडकतं. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅन करून घ्या आणि कॅलिफोर्नियातल्या यूसी किंवा सीएसयू या सरकारी युनिव्हर्सिट्यांना जायचं असेल तर असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर प्रत्येक क्लास तिकडे कशाच्या बदल्यात धरतात ते स्वतः तपासा. फुल-टाइम नाव घातलं की एनसीएएचं घड्याळही चालू होतं, म्हणजे खेळायची वर्षं मोजायला सुरुवात होते. कम्युनिटी कॉलेजची वर्षं त्यात धरायची का यावर कोर्टात वाद झालेत, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या डिएगो पावियाला डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने आणखी एक सीझन खेळायची वाट मोकळी करून दिली, पण कोर्टाच्या भरवशावर आपल्या मुलाचा प्लॅन आखू नका.

आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं हे डोक्यातून काढा. बेसबॉलचा जॅकी रॉबिन्सन पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजमधून यूसीएलएला गेला, अमेरिकन फुटबॉलचा ॲरन रॉजर्स ब्यूट कॉलेजमधून बर्कलीला. मंडळात कुणी विचारलं की मूल कुठे शिकतं, तर नाव स्पष्ट सांगा. आपण चाचरलो की मुलाला सगळं कळतं.

पुण्या-मुंबईहून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलेल्या मुलांसाठी

तुमच्यासाठी १२ युनिट हा खेळाचाच नाही, व्हिसाचाही नियम आहे. इंटरनॅशनल ऑफिसच्या परवानगीशिवाय खाली गेलात तर स्टेटस जाऊ शकतं, तिथे कोच काहीही करू शकत नाही. ऑनलाइन क्लास फुल-टाइमच्या हिशोबात सेमिस्टरला एकच धरतात, टीममधल्या मित्राने तीन ऑनलाइन घेतले म्हणून तुम्ही घेऊ नका. आणि येण्याआधीच लक्षात घ्या की कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, कुणी एजंट तसं सांगत असेल तर पैसे भरू नका.

"अभ्यास जमत नाही ना, मग खेळ बंद"

मीही हे बोलले होते त्या ऑक्टोबरमध्ये, चिडून. माझ्या नवऱ्याने मला थांबवलं. सकाळी सहाला उठून हे पोर कॉलेजात जात होतं ते टीमसाठी, खेळ काढून घेतला असता तर कॉलेजच सुटलं असतं. शिक्षा म्हणून खेळ काढू नका, युनिट आणि झोप यांचा हिशोब नीट लावा.

एलिजिबिलिटी गेलीच तर त्याच दिवशी काय करायचं? कोचला स्वतः फोन करा आणि खेळू नका, अपात्र खेळाडू उतरला तर टीमने जिंकलेल्या मॅचेसही जातात. मग काउन्सेलरला विचारा की सेमिस्टरच्या मध्यात सुरू होणारा लेट-स्टार्ट क्लास घेऊन १२ भरतात का, आणि तो कधीपासून मोजला जाईल ते मेलवर लिहून घ्या. ते जमलं नाही तर उरलेल्या क्लासमध्ये बी काढायच्या मागे लागा आणि समरचा आत्ताच विचार करा, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३ युनिटचा क्लास १३८ डॉलरला.

आम्ही तेच केलं. फॉलचे ९ राहिले होते, स्प्रिंगला त्याने केमिस्ट्री परत धरून १३ घेतले, समरला एक कम्युनिकेशनचा क्लास, मिळून २५. ऑगस्टमध्ये ऑफिसमधून यादी लागली तेव्हा त्याने मला नुसता फोटो पाठवला, त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती.