घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? हेडफोनचे पैसे आधी बाजूला काढा

बजेट कितीही असो, त्यातले हेडफोनचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा. क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप बाहेरून बंद असलेल्या हेडफोनचे. मागच्या खेपेला मी माईक घेतला, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेतला आणि कानाला घरात होता तोच ओपन-बॅक, म्हणजे कपाला बाहेरून जाळी असलेला हेडफोन लावला. गाणी ऐकायला इतका सुरेख, मग रेकॉर्डिंगला का नको, असं वाटलं. रात्रभर जागून चौदा टेक घेतले. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसले. गिटार वाजतेय तोवर सगळं ठीक. शेवटच्या ओळीला गिटार थांबते, आवाज एकटा उरतो, स्वर हळूहळू विरत जातो, आणि तिथे स्पष्ट टिक, टिक, टिक. मेट्रोनोम, म्हणजे ताल धरायला कानात वाजणारा क्लिक. हेडफोनच्या जाळीतून बाहेर पडून थेट माईकमध्ये शिरलेला, चौदाही टेकमध्ये. तो नीट काढता येत नाही, कारण गाण्याच्या ट्रॅकमध्येच तो मुरलेला असतो. टिक पुसायला गेलं की स्वराचाही लचका तुटतो.

कॉम्प्युटर आहे तोच चालेल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करू नका: मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, नसेल तर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं या वादात महिने घालवणारे लोक मी पाहिलेत, त्यांची गाणी मात्र अजून ऐकलेली नाहीत.

माईक निवडताना आधी खोली बघा. खोली रिकामी, भिंती उघड्या, बाहेर वर्दळ असेल तर डायनॅमिक माईक घ्या. शुअर एसएम५८ हा १९६६ पासून बनतोय आणि तोंडाजवळ धरून गायलात तर खोलीचा घुमारा फारसा उचलत नाही. कंडेन्सर हा माईकचा दुसरा प्रकार, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०, श्वासाचे बारकावे छान पकडतो. पण तितक्याच निष्ठेने पंखा, कुत्रा आणि वरच्या मजल्यावरची खुर्चीही पकडतो. आणि हेडफोनमधून गळणारा क्लिकही, हे विसरू नका. शिवाय कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज लागते, म्हणजे इंटरफेसवर ते बटण हवंच. सगळीकडे दिसणारा तो शुअरचा भारदस्त माईक एसएम७बी पहिल्या खरेदीत नको. त्याचा आवाज साधारण ६० डेसिबलने वाढवावा (गेन) लागतो, स्वस्त इंटरफेस तिथे धापा टाकतो आणि मग आवाज वाढवणारा आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो.

इंटरफेसशिवाय थेट कॉम्प्युटरला लागणारा यूएसबी माईक वाईट नाही. एकट्याने, एका वेळी एकच गोष्ट रेकॉर्ड करणार असाल तर खुशाल घ्या, फक्त त्यावर हेडफोनची जागा आहे का ते बघा. गाताना गिटारही वाजवणार असाल आणि दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर हवं असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस हवा. त्यातला एक इनपुट गिटारची केबल थेट घेणारा असावा, त्याच्याजवळ ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं असतं. डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे तुमचा आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात देणारी सोय, असलाच पाहिजे. तो नसेल तर तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत कानात येतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) नुसता एका बाजूलाच २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि ताल घसरतो. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारच नको, त्यांचा उशीर याच्या कितीतरी पट असतो.

पुन्हा हेडफोन. कपाच्या बाहेरच्या बाजूला जाळी दिसली की तो ठेवून द्या. ‘सेमी-ओपन’ म्हणजे बंद नव्हे, त्या शब्दाला भुलू नका. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये आहे. त्याहून स्वस्तात ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स मिळतो. दोन्ही क्लोज्ड-बॅक, दोन्ही वायरचे. पण हेडफोन बंद असला तरी सवयीने घात होतो. सूर नीट ऐकू यावा म्हणून आपण एक कप कानावरून सरकवतो, तो उघडा कप म्हणजे माईकशेजारी ठेवलेला छोटा स्पीकर. एक कान मोकळा लागत असेल तर त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमधून बंद करा. क्लिकचा आवाजही गरजेपुरताच ठेवा, आणि जिथे वाद्यं थांबतात तिथे क्लिकही थांबवा.

स्टँड हवाच, पुस्तकांच्या चळतीवर माईक ठेवू नका. माईक इंटरफेसला जोडणारी एक्सएलआर केबल बहुतेकदा माईकबरोबर येत नाही, ती वेगळी मागा. पॉप फिल्टर, म्हणजे माईकसमोर लावायचा पडदा घ्या, नाहीतर प, फ, भ फुटतात.

खोलीसाठी फोमचे तुकडे घेण्याआधी कपाट उघडा. जाड रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. बहुतेक लोक ती माईकच्या मागे लावतात. पण असे माईक समोरून ऐकतात, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यांच्यात सरळ शिरतो. फोमने बाहेरचा आवाज थांबत नाही, तो फक्त आतला घुमारा कमी करतो. स्पीकर पुढच्या वर्षी बघू.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट, मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी. आणि पहिल्या टेकच्या आधी हे एवढं कराच: हेडफोन घालून माईकसमोर उभे राहा, गाताना ठेवणार तेवढ्याच आवाजात क्लिक चालू करा आणि वीस सेकंद काहीही न गाता रेकॉर्ड करा. मग आवाज पूर्ण वाढवून ऐका. टिक ऐकू आली तर गाऊ नका, आधी हेडफोन बदला.