वाड्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा

जुन्या वाड्याचा गिलावा पडला की सिमेंटची गोणी आणली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. विटा-चुन्याच्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आणखी वर चढते, लोणा (मिठाचा पांढरा थर) धरतो, विटांचा भुगा होतो, भिंतीत बसलेल्या तुळयांची टोकं कुजतात.

त्यामुळे आधी फुटकी पन्हळ आणि भिंतीलगत साचणारं पाणी यांचा बंदोबस्त करा. मग लाकडी मोगरीने भिंत ठोकत जा. बद्द आवाज येईल तेवढाच गिलावा काढा. घट्ट बसलेला जुना गिलावा उगाच उखडू नका, तसा पुन्हा करणं सोपं नाही. उघड्या पडलेल्या विटांचे सांधे १५ ते २० मिमी खोल खरवडून कोरड्या ब्रशने झाडा.

कळीचा चुना (भट्टीत भाजलेली, पाणी न लागलेली चुनखडी) ताजा, टणक ढेकळांचा घ्या. हवेत पडून पीठ झालेला चालणार नाही. लोखंडी पिंपात आधी पाणी भरा आणि त्यात कळ्या थोड्या-थोड्या सोडा. पाणी उकळून उडतं, प्लॅस्टिकची बादली वितळू शकते. गॉगल आणि हातमोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. विरलेला चुना २-३ मिमीच्या जाळीतून गाळून, वर पाणी ठेवून किमान ३ आठवडे मुरवा. इथे घाई केली तर न विरलेली कणी गिलाव्यात मागाहून फुगते आणि मसुराएवढी खपली उडते. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की चूक कुठे झाली ते समजावं.

प्रमाण: १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग धुतलेली खरखरीत नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. सुरखी करपलेल्या विटेची नको, मऊ भाजलेल्या विटेची घ्या. तीच चुन्याशी धरते. चुना मळायच्या घाण्यात मळा किंवा मोगरीने कुटा. सुरुवातीला माल कोरडा वाटतो, पण मळत गेलं की आपोआप सैल होतो, म्हणून पाणी ओतायची घाई नको. सुरखीचा माल त्याच दिवशी संपवा. १०० चौरस फुटांना २० मिमी जाडीचा साधारण ६.५ घनफूट ओला माल लागतो. सांधे आणि सांडलवंड धरून ८ घनफूट करा.

भिंत आदल्या दिवशी भिजवा, लावण्याआधी पुन्हा शिंपडा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि गिलावा सुटतो. पहिला थर १० ते १२ मिमीचा, जोर देऊन मारा आणि ओला असतानाच खरवडून रेघा ओढा. तो घट्ट झाला, म्हणजे अंगठा रुतत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, की दुसरा ६ ते ८ मिमीचा. वर बारीक चाळलेल्या मालाचा २ मिमीचा हात. जाड थर एकदम चढवला की तडे जातात. बारीक तडे पडू लागले तर पाणी शिंपडून रंध्याने (गवंड्याच्या सपाट लाकडी फळीने) पुन्हा दाबा.

ओलं गोणपाट टांगून ७ ते १० दिवस दमट ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी किंचित ओलावा लागतो. भर पावसात किंवा एप्रिल-मेच्या उन्हात काम काढू नका. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम.

रंग ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक इमल्शनचा देऊ नका, ओलीची वाट पुन्हा बंद होते. चुन्याचीच सफेदी, दुधाइतकी पातळ, ४-५ हात द्या. सफेदी ओली असताना खालची भिंत उघडीच दिसते. म्हणून जाड हात देऊ नका, वाळल्यावर सफेदी पांढरी होते.