विज्ञान प्रकल्पाचा बोर्ड करताना या चुका टाळा

प्रयोग तीन आठवडे चालतो आणि बोर्ड मात्र शेवटच्या रात्री उरकला जातो. बहुतेक चुका त्या एका रात्रीतल्याच असतात. आधी एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखा, मग छपाई करा, सगळे कागद बोर्डवर नुसते मांडून दोन-तीन मीटर लांबून बघा आणि त्यानंतरच गोंदाला हात लावा.

शीर्षकात फक्त विषयाचं नाव

‘मीठ आणि बिया’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘पाण्यात मीठ वाढलं तर किती बिया अंकुरतात?’ असं विचारलं की बघणारा उत्तर शोधायला थांबतो. शीर्षकाचा आकार संगणकावर ठरवताना ७२ पॉइंट म्हणजे एक इंच हे लक्षात ठेवा. शीर्षक निदान एवढं तरी हवं. देवनागरीत वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींत घुसतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा.

माहितीचा ढीग

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. अर्धा बोर्ड कुठून तरी उतरवलेल्या व्याख्यांनी भरलेला असतो आणि स्वतः केलेली निरीक्षणं कोपऱ्यात दबलेली असतात. व्याख्या पाठ्यपुस्तकात आहेतच. तुम्ही किती बिया घेतल्या, प्रयोग किती वेळा केला, कोणत्या गोष्टी मुद्दाम सारख्या ठेवल्या, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. बोर्डचा मधला, मोठा भाग त्याला द्या. बाकीची टिपणं वहीत ठेवा आणि वही बोर्डसमोर उघडी ठेवा.

फसवा आलेख

समजा साध्या पाण्यात २० पैकी २० बिया अंकुरल्या आणि खारट पाण्यात १६. उभा अक्ष १५ पासून सुरू केला तर एक स्तंभ पाच घरं उंच दिसेल आणि दुसरा एकच घर. प्रत्यक्षात फरक चार बियांचा, पण डोळ्याला तो पाचपट वाटतो. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. तुम्ही जे बदललं (मिठाचं प्रमाण) ते आडव्या अक्षावर, जे मोजलं ते उभ्या अक्षावर, आणि दोन्हीकडे एककं. नुसत्या ‘प्रमाण’ या शब्दाने भागत नाही. टक्के की ग्रॅम, ते लिहा. त्रिमितीय स्तंभ दिसायला भारी असतात, पण त्यांची खरी उंची वाचता येत नाही. लाल आणि हिरव्या रंगातला फरक अनेकांना ओळखता येत नाही, म्हणून एका स्तंभावर रेघा काढा.

गृहीतक चुकलं म्हणून ते मागाहून बदलणारी मुलंही दिसतात. कृपा करून असं करू नका. ‘आम्हाला असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही’ हा पूर्णपणे खरा निष्कर्ष आहे, आणि तसं का झालं असेल यावर लिहिलेली दोन वाक्यं परीक्षक आवर्जून वाचतात.

छपाईनंतर लक्षात येणारे घोटाळे

अक्षरं चौकोनी किंवा भलतीच आली, तर छापणाऱ्या संगणकावर तुमचा फॉन्ट नाही. फाइल पीडीएफ करून न्या. फोटो धूसर आला, तर त्यात पिक्सेल कमी आहेत: ३०० पिक्सेल रुंदीचं चित्र ६ इंच छापलं की इंचाला ५०च पिक्सेल उरतात. निदान १५० हवेत. मूळ फोटो शोधा. लहान चित्र ताणून सुधारत नाही.

कागद सुरकुतला, तर पातळ गोंदातलं पाणी कागदाने शोषलं आहे. तो कागद काढून नवी प्रत ग्लू स्टिकने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते आणि मजकूर दिसेनासा होतो, म्हणून साधा कागदच बरा.

तीन पानी बोर्ड पुढे कलत असेल, तर बाजूची पानं आणखी आत वळवा. सपाट उघडलेला बोर्ड उभा राहत नाही. घडीवर काहीही चिकटवू नका, पहिल्याच घडीत ते सुटतं. आणि निघताना महत्त्वाच्या पानांची एकेक जादा प्रत पिशवीत टाका.