पिंपळपानाच्या जाळीचा गोल मफलर

पाण्यात मुरवून गर काढलेले आणि वहीत जपलेले पिंपळपान पाहिले, की शिरांची जाळी आणि लांब उतरत गेलेले टोक या दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. या मफलरमध्ये त्याच विणायच्या आहेत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतली थंडी मुख्यतः पहाटेची असते; तळजाई टेकडीवर फिरायला जाताना गळा झाकेल आणि ऊन चढल्यावर पिशवीत मावेल, एवढे विणकाम पुरते.

जाड लोकर साधारण 100 मीटर, 9 मिमीची गोल सुई आणि फेरीची सुरुवात दाखवायला खुणेची एक रिंग घ्यावी. तुळशीबागेत जाड लोकर मिळाली नाही, तर मध्यम जाडीच्या लोकरीचे तीन धागे एकत्र धरून विणावे. रंग फिका आणि एकसारखा असावा. रंगीबेरंगी लोकरीत जाळी हरवते, असा माझा अनुभव आहे.

10 सेंमीत 10 टाके या हिशेबाने 60 टाके घालावेत. गोल जोडताना कड कुठेही पिळलेली नाही ना, हे नीट पाहावे, कारण तो पीळ उसवल्याशिवाय जात नाही. एक फेरी उलट, एक सुलट आणि पुन्हा एक उलट विणली, की नक्षी सुरू करावी.

पहिल्या फेरीत एक सुलट, जाळीसाठी दोरा पुढे (सुईवर एक जादा वेढा), एक टाका न विणता उचलून पुढचा सुलट विणावा व उचललेला त्यावरून ओढावा, मग एक सुलट, दोन एकत्र सुलट, पुन्हा दोरा पुढे. हे सहा टाके फेरीभर चालवावेत. दुसरी फेरी सगळी सुलट. तिसऱ्या फेरीत दोन सुलट, दोरा पुढे, एक उचलून पुढचे दोन एकत्र विणून उचललेला वरून ओढावा, दोरा पुढे, एक सुलट. चौथी पुन्हा सुलट.

पहिल्या फेरीतली पहिली घट (जिथे दोन टाक्यांचा एक होतो) डावीकडे झुकते आणि दुसरी उजवीकडे, म्हणजे दोन्ही मधल्या टाक्याकडे येतात. पानाची कड त्यांच्यामुळेच दिसते. त्यांची अदलाबदल झाली तर टाके साठच भरतात, पण पान मात्र विस्कटते. पहिल्या फेरीची शेवटची जाळी रिंगेला लागून पडते आणि रिंग सरकवताना हमखास निसटते. माझी ती दोनदा निसटली होती, म्हणून प्रत्येक सुलट फेरीनंतर मी साठ टाके मोजते.

या चार फेऱ्या सहा वेळा झाल्या, की सुरुवातीसारखीच कड विणून टाके सैल हाताने बंद करावेत. लोकर खरी असेल तर मफलर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, टाचण्या लावून सपाट वाळवावा, म्हणजे जाळी उघडते. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नये, लांबून वाफ द्यावी. विणताना पानांची टोके वर जातात, म्हणून घालताना सुरुवातीची कड हनुवटीकडे ठेवावी. मग टोके फांदीवरच्या पानांसारखी खाली उतरतात.