कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा सामना: प्रीव्ह्यू लिहिताना या चुका टाळा

फुटबॉलमध्ये डर्बी (कट्टर प्रतिस्पर्ध्यांमधला सामना) जवळ आली की प्रीव्ह्यूंचा, म्हणजे सामन्याआधीच्या लेखांचा, पूर येतो, आणि त्यातले निम्मे एकमेकांच्या अंगावरचे कपडे घालून आल्यासारखे दिसतात. "नव्वद मिनिटांचं युद्ध", "इथे फॉर्मला किंमत नसते", "मैदान पेटलेलं असेल". यातलं काहीच वाचकाला नवीन नसतं. तो वर्षानुवर्षं त्या क्लबच्या नावाने बोटं मोडतोय. मैदान पेटलेलं असताना आपला लेफ्टबॅक (डाव्या कडेचा बचावपटू) किती वर जाणार, आणि तो वर गेला तर मागची मोकळी जागा कोण झाकणार, हे मात्र त्याला माहीत नसतं. अवे (प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या) डर्बीच्या प्रीव्ह्यूतल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: वैर हाच विषय धरला जातो. वैर ही सामन्याची परिस्थिती असते. ती खेळात नेमकी कुठून शिरते, ते शोधून सांगणं हे प्रीव्ह्यूचं काम.

गोंगाटालाच निकालाचं कारण ठरवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. तिचं आवडतं उदाहरणही ठरलेलं असतं: नोव्हेंबर १९९३, इस्तंबूल, गालातासराय विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. "नरकात स्वागत" असे फलक, अली सामी येन स्टेडियममधला धूर आणि आरडाओरडा, युनायटेड युरोपियन स्पर्धेतून बाहेर. गोष्ट म्हणून झकास आहे. पण त्या रात्रीचा स्कोअर होता ०-०. युनायटेड बाहेर गेलं ते अवे गोलच्या नियमाने (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे), आणि ते गोल खाल्ले होते आपल्याच ओल्ड ट्रॅफर्डवर. तिथे २-० ने पुढे असलेला संघ २-३ ने मागे पडला आणि कँटोनाच्या उशिराच्या गोलमुळे कसाबसा ३-३ वर सुटला. म्हणजे नरकात युनायटेडने एकही गोल खाल्ला नाही. घात झाला तो घरी.

(जाता जाता: दोन लेगच्या (एक घरी, एक बाहेर) सामन्याच्या प्रीव्ह्यूत "तिथे एक गोल केला की दोन गोलांचं काम होतं" हे वाक्य अजूनही सापडतं. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) २०२१-२२ च्या मोसमापासून तो नियम काढून टाकला आहे.)

याचा अर्थ प्रेक्षकांचा काहीच परिणाम होत नाही असा नाही. २०२०-२१ चा प्रीमियर लीग मोसम जवळपास पूर्णपणे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. त्या ३८० सामन्यांत यजमानांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल विभागात पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त होण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा गर्दी मोजायलाच हवी, फक्त नेमकी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पात्र पंचांना एकाच सामन्यातले ४७ टॅकल दाखवले. काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. गंमत अशी की फरक मुख्यतः इथेच पडला. पाहुण्यांना जादा शिक्षा करण्यापेक्षा यजमानांवर शिट्टी वाजवायला पंच कचरले.

आता हे प्रीव्ह्यूत कसं उतरवायचं? "पंच दबावाखाली असेल" असं लिहून मोकळं होऊ नका. आपला स्ट्रायकर पाठीवर बचावपटू घेऊन खाली पडतो आणि फ्रीकिक मिळवून संघाला श्वास घ्यायला वेळ देतो, ही जर आपली नेहमीची पद्धत असेल, तर ती शिट्टी या मैदानावर कमी वेळा वाजेल असं धरा. मग चेंडू पुढे टिकवायचा दुसरा मार्ग कोणता, ते लिहा. हा एक परिच्छेद "पेटलेल्या मैदाना"च्या दहा परिच्छेदांना भारी पडतो.

आवाज खेळात शिरतो अशा आणखी थोड्याच जागा असतात. पहिली पंधरा मिनिटं, जेव्हा यजमान गर्दीच्या जोरावर पार आपल्या गोलजवळ येऊन दबाव टाकतात आणि आपल्या गोलकीपरला पायाने खेळावं लागतं. सेंटरबॅक एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू न येणं. आणि कॉर्नर. नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेलेला फिगो बार्सिलोनाच्याच काम्प नो मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला, तेव्हा बाटल्यांपासून डुकराच्या मुंडक्यापर्यंत काय काय येऊन पडलं आणि सामना थांबवावा लागला. निकाल ०-०. कॉर्नर कोण घेणार आणि कुठल्या स्टँडसमोर, हा प्रश्न त्यामुळे वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही.

जुने हिशेब पुढे ओढणं

"गेल्या वीस सामन्यांत त्यांनी बारा जिंकले." बरं, मग? त्या वीसपैकी किती सामन्यांत आजचे दोन्ही मॅनेजर होते? आजच्या अकरातले कितीजण खेळले होते? आकडेवारी प्रशिक्षक बदलला की शिळी होते, आणि डर्बीत ती फार लवकर शिळी होते.

मार्च २०२३ मध्ये लिव्हरपूलने आपल्या अॅनफिल्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेडला ७-० असं धुतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये युनायटेड पुन्हा तिथे गेलं, ते फॉर्म हरवून आणि निलंबित कर्णधार ब्रूनो फर्नांडेसशिवाय. त्या ७-० वर उभा केलेला प्रत्येक अंदाज तोंडावर आपटला: लिव्हरपूलचे ३४ शॉट आणि स्कोअर ०-०. जुन्या पराभवातून शिकण्यासारखी गोष्ट असते ती गोल कसे झाले ही, किती झाले ही नाही. सात गोल मिडफिल्ड मोकळं पडल्यामुळे झाले असतील, तर या वेळी बचावफळीसमोर दोन माणसं ठेवणार का, एवढाच प्रश्न उरतो.

उलट उदाहरण रेआल माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानाचं. ऑक्टोबर २०२४ च्या एल क्लासिकोआधी (रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना) बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सामना ठरला एका रेषेवर. बार्सिलोनाची बचावफळी मधल्या रेषेजवळ उभी राहत होती, ते आठवड्यांपूर्वीपासून उघड दिसत होतं. त्या रात्री रेआल माद्रिद १२ वेळा ऑफसाइड झालं (म्हणजे पास येण्याआधीच त्या फळीच्या पलीकडे सापडलं) आणि पाहुणे ४-० ने जिंकले. ज्याने प्रीव्ह्यूत "ही रेषा टिकली तर" आणि "फसली तर" अशा दोन शक्यता मांडल्या असतील, त्याचं लिखाण सामन्यानंतरही वाचण्यासारखं राहिलं असेल, निकाल काहीही लागला असता तरी.

बदललेला संघ म्हणजे सोडून दिलेला सामना, असं समजणं

एप्रिल २०१४ मध्ये चेल्सी अॅनफिल्डवर आलं तेव्हा तीन दिवसांनी त्यांचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना होता. त्यांचा मॅनेजर मोरिन्यो याने संघात मोठे बदल केले आणि तोमास कालासला लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलं. लिव्हरपूल विजेतेपदाच्या दारात. पण चेल्सीने वेळ काढला, जागा बंद केल्या, लिव्हरपूलचा जेरार्ड पाय घसरून पडला तो क्षण साधला आणि २-० ने सामना घेऊन गेले. पुढच्या सामन्याचं वेळापत्रक जरूर तपासा. फक्त "दुसरी फळी खेळवणार" यावरून "दुसऱ्या दर्जाची योजना असणार" असा निष्कर्ष काढू नका. कमी नावाजलेले खेळाडू सांगितलेली जागा पुष्कळदा जास्त इमानाने धरून ठेवतात.

"अवे" म्हणजे काय हे न तपासणं

मिलानची डर्बी आणि कोलकात्याची डर्बी बहुतेक वेळा दोन्ही संघांच्या सामाईक स्टेडियममध्ये होते. तिथे अवे असण्याचा अर्थ मुख्यतः तिकिटांच्या वाटणीपुरता उरतो. प्रवास नाही, अनोळखी गवत नाही. अर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या समर्थकांना साधारणपणे बंदी आहे, त्यामुळे "आपला कोपरा दणाणून सोडेल" हे वाक्य तिथे हास्यास्पद ठरतं. ग्लासगोत सेल्टिक-रेंजर्स सामन्यांत २०१८ पासून पाहुण्यांचा वाटा एकदम घटला आणि काही सामने तर एकाही पाहुण्या समर्थकाविना झाले. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला ३,००० किंवा क्षमतेच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढी तिकिटं मागण्याचा हक्क आहे. एक फोन, एक क्लबची सूचना, एवढ्यात कळणारी गोष्ट आहे ही. तरी चुकते.

युरोपातल्या सामन्याची वेळ देताना ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवा. तिथली घड्याळं त्या दिवशी एक तास मागे जातात, आपली नाही.

कार्डांचे आणि नियमांचे घोळ

फर्नांडेस अॅनफिल्डवर नव्हता, कारण आदल्याच लीग सामन्यात त्याला मोसमातलं पाचवं यलो कार्ड मिळालं होतं. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच कार्डं झाली की एका सामन्याची बंदी; ३२ सामन्यांच्या आत दहा झाली की दोन सामन्यांची. लीगमधली यलो कार्डं चॅम्पियन्स लीगमध्ये मोजली जात नाहीत. प्रीव्ह्यू लिहिणारा हे एकत्र करतो आणि मग खेळणाऱ्या माणसाला बाहेर बसवतो. डर्बीच्या आधीच्या आठवड्यात चार कार्डांवर कोण आहे, ही यादी हाताशी हवी. चार कार्डांवरचा मिडफिल्डर टॅकलमध्ये पाय आखडता घेतो की नाही, ही तर स्वतंत्र चर्चेची गोष्ट.

२०२५-२६ पासून आणखी एक बदल अवे संघाला थेट लागतो. गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. म्हणजे यजमान प्रेक्षकांना मोठ्याने उलटी मोजणी करायला आयतं निमित्त. "एक गोलची आघाडी घेऊन आपला कीपर खेळ थंड करेल" असं लिहिण्याआधी हे ध्यानात घ्या. वेळ आता थ्रो-इनला आणि गोलकिकला काढावा लागेल, आणि तिथे कार्ड मिळतं.

प्रतिस्पर्ध्याला चिडवण्यात प्रीव्ह्यू खर्च करणं

थट्टा हवीच. नाहीतर डर्बी कशाला? पण थट्टा अभ्यासाच्या जागी बसली की फजिती ठरलेली. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १,३१,७८१ प्रेक्षक. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या "डायमंड" रचनेचा तेव्हा फार बोलबाला होता, आणि सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची यथेच्छ टिंगल केली, भाइचुंग भुतियासकट. भुतियाने हॅट्‌ट्रिक केली. ईस्ट बंगाल ४-१. टिंगल केली नसती तर डायमंड चालला असता असं मी म्हणणार नाही, समोर पी. के. बॅनर्जींसारखा प्रशिक्षक होता. पण समोरच्या संघाकडे नीट न बघता लिहिलेला प्रीव्ह्यू नेमका असाच उघडा पडतो.

साधा उपाय आहे. प्रतिस्पर्ध्याची ताकद सांगणारे दोन परिच्छेद असे लिहा की त्यांचा समर्थकही मान डोलावेल. त्यांचा गेल्या महिनाभरातला सगळ्यात चांगला खेळाडू कोण, ते गोल मुख्यतः कुठून करतात, मागे पडल्यावर काय बदलतात. हे झालं की मग हवं तेवढं चिडवा. तेव्हा चिमटाही जास्त लागतो, कारण तो कुठे काढायचा हे तुम्हाला कळलेलं असतं.

एक मर्यादा मात्र ओलांडायचीच नाही. मँचेस्टर युनायटेडच्या संघाचा म्युनिकचा विमान अपघात (१९५८, २३ मृत्यू) किंवा लिव्हरपूल समर्थकांची हिल्सबरोची चेंगराचेंगरी (१९८९, ९७ मृत्यू) हा कोपरखळीचा विषय नाही, सूचक शब्दांतसुद्धा नाही. आणि तो "नरकात स्वागत"वाला मथळा वापरायचा मोह झाला, तर आठवा: एप्रिल २००० मध्ये गालातासरायविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री इस्तंबूलमध्ये इंग्लंडच्या लीड्स क्लबच्या दोन समर्थकांना भोसकून मारण्यात आलं. "युद्ध", "कत्तल", "रक्त" हे शब्दही याच कारणासाठी मी खोडतो.

मसुदा अडला असेल तर

क्लबांची नावं बदलूनही लेख तसाच्या तसा चालतोय? मग त्यात खेळाडूच नाहीत. एक जोडी निवडा, त्यांचा विंगर (कडेने हल्ला करणारा) आणि आपला फुलबॅक (कडेचा बचावपटू), आणि दोनशे शब्द फक्त त्यांच्यावर खर्च करा. बाकीचा लेख आपोआप त्याभोवती जमतो.

अंदाज दर वेळी १-१ वर येऊन थांबतोय? तो अंदाज नाही, पळवाट आहे. पहिला गोल कोणाचा, यावर दोन वाटा करा. यजमानांनी विसाव्या मिनिटाच्या आत गोल केला तर आपण रचना बदलणार का? आपण आधी केला तर यजमान गर्दी किती वेळात स्वतःच्याच संघावर वैतागते? मोठ्या क्लबांच्या मैदानांवर हा वैताग लवकर येतो आणि पाहुण्यांचा तो बारावा खेळाडू असतो. मग स्कोअर लिहा, आणि तो ठामपणे लिहा.

दुखापतींच्या बातम्या परस्परविरोधी आहेत? मॅनेजर पत्रकार परिषदेत जे म्हणाला तेवढंच द्या आणि ते त्याचं म्हणणं आहे हेही द्या. डर्बीआधी मॅनेजर खरं सांगायला बांधील नसतो. सरावाच्या फोटोत दिसला नाही म्हणून कुणाला जखमी ठरवू नका.

आणि लाइन-अप सामन्याच्या साधारण तासभर आधी जाहीर होतो, तेव्हा तुमचा लेख बहुधा वाचून झालेला असतो. म्हणून अकराचा अंदाज लेखाच्या मध्यावर खिळवून ठेवू नका, शेवटी वेगळा ठेवा. तुमच्या सगळ्या मांडणीचा भार ज्या खेळाडूवर आहे तो बेंचवर दिसला, तर त्याच्या जागी आलेल्याबद्दल चार ओळी वर जोडा आणि जुना अंदाज खाली तसाच राहू द्या.